आठ सेंटिमीटर

भिंती पाडणं हा माझा धंदा.
ग्दान्स्कच्या या लांबलचक इमारतींमधून
बावीस वर्षं मी घरं मोकळी करत आलोय.
लोक चहा देतात, नकाशा पसरतात,
आणि त्यावर बोट ठेवून भांडतात:
एक म्हणतो, उजेड. दुसरी म्हणते, तळणाचा वास.
मी पेन्सिल कानावर खोचून
भिंतीवर टकटक करून बघतो.
भिंत पोकळ बोलली की पाडता येते.
माणसांचं तसं नसतं.

चौथ्या मजल्यावर बोग्ना विल्कोश.
स्वयंपाकघर आंधळं: खिडकीच नाही.
सरकारी नकाशा काढणाऱ्याला वाटलं असेल,
बटाटे सोलायला उजेड कशाला?
फक्त बैठकीच्या भिंतीत, छताजवळ,
वीतभर काच.
तिच्यातून दिवस आत यायचा, पण उष्टा होऊन.
अडतीस वर्षं तिनं त्याच उजेडात
मीठ आणि साखर वेगळी ओळखली.

मुलगी यागोदा ऑस्लोहून पैसे पाठवते,
सोबत चित्रं: भिंती नाहीत, मधोमध ओटा,
ओट्यावर लिंबांचा वाडगा.
"आई, तू आता सगळ्यांच्यात असशील."
"सगळे म्हणजे कोण?" बोग्नानं मला विचारलं.
"ती तिकडे. इथे हा एकटा."

हा म्हणजे ब्रुनोन. गोदीत जहाजांच्या पत्र्यांवर
घण घालता घालता कान देऊन बसलेला.
हाक मारली तर ती भिंतीलाच ऐकू जायची.
म्हणून बोग्ना आतला दिवा दोनदा लावते, विझवते.
वरची काच लुकलुकते,
तो वर्तमानपत्राची घडी घालून उठतो:
सूप तयार.
तीनदा लुकलुकली तर: रागावले आहे, पण ये.

"भिंत गेली तर नुसता हात केला तरी दिसेल," मी म्हणालो.
"तेच तर. दिवसभर दिसेल.
मी कांदा नसताना रडते, तेही."

टेप लावून मोजली. आठ सेंटिमीटर.
भार कसलाच नाही, अर्ध्या दिवसाचं काम.
हे मी बोललो, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की माझ्या हातून टेप सुटली,
सर्रकन आपल्या घरात गेली.

मग काकडीचं सूप, वर शेपू.
"तुझ्या घरी कसं आहे?"
माझ्या घरी एकच मोठी खोली.
मीच पाडलं सगळं, लग्नाच्या वर्षी,
किंगाला न विचारता, खूश होईल म्हणून.
भांडण झालं की तिथे
पाठसुद्धा समोरासमोर फिरवावी लागते.
मी मग खाली व्हॅनमध्ये जाऊन बसतो.
हे बोग्नाला सांगितलं नाही.
म्हटलं, "हवेशीर आहे."

ब्रुनोन इतका वेळ आमचे ओठ बघत होता.
एकदम म्हणाला, बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात:
"दिव्याला तोंड नसतं.
मला हिचं तोंड बघायचंय."
फ्रिजची घरघर
त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकू आली.
ती उठली. ओला तळवा भिंतीवर टेकवला,
जरा वेळ तसाच ठेवला.
"पाड."

गुरुवारी पाडली. धूळ बसल्यावर
उजेड थेट शेगडीपर्यंत चालत आला,
आणि तेलाचे डाग असे दिसले की ती शरमली,
संध्याकाळपर्यंत घासत बसली.
जेवायची वेळ झाली.
तो चार पावलांवर, तिच्याकडेच बघत होता.
तरी तिनं दिवा लावला, विझवला.
लावला, विझवला.
आणि जरा थांबून,
परत एकदा.

मजुरी घेतली. वर एक गोष्ट मागितली:
स्वयंपाकघराचं दार.
पांढऱ्या रंगाचे सहा-सात थर,
मुठीपाशी झिजून लाकूड उघडं पडलेलं.
किंगा म्हणाली, "लावणार कुठे? भिंत आहे का?"
नाही. तूर्त फ्रिजला टेकवून ठेवलंय.
कधी कधी मी त्याच्यामागे जाऊन उभा राहतो,
पाव खात.
बाजूनं कोपर दिसतच असतं माझं.
तरी ती येते
आणि टकटक करते.